बिनमोबाईलचा बस्ता

स्वप्नालीच्या बस्त्यातून मन्मथअप्पांना काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. एक टॉवेल, एक टोपी, बायकोला, शिवकांताबाईंना, दुकानदाराकडून वरची एक मानाची साडी, दिवसभराचा चहा, आणि पुढच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळणारं एक वाक्य : "अप्पा होते म्हणून निभलं, न्हाईतर दुकानदारानं सोलून काढलं असतं." टॉवेल-टोप्यांनी अप्पांच्या कपाटाचा वरचा कप्पा भरला होता आणि त्या टोप्या घालायला तेवढी डोकी घरात नव्हती. साडी शिवकांताबाईंची. चहा साखरेमुळे डॉक्टरांनी बंद केलेला. म्हणजे निव्वळ नफा तो काय, ते वाक्य. पण त्या वाक्यासाठी अप्पा उदगीरहून कुठंही जायला तयार असत.

अप्पांनी उदगीरच्या मोंढ्यात हयातभर तुरीची आडत केली. आता आडत मुलाकडं, बसवंतकडं, आणि अप्पांकडं सगळ्या भावकीचे बस्ते. लग्न कुणाचंही असो, साड्या कुठल्या घ्यायच्या हे बायका ठरवणार आणि कितीला घ्यायच्या हे अप्पा. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. दुकानात शिरताना चपला अशा काढायच्या की त्यांची तोंडं रस्त्याकडं असावीत. मग गादीवर बसून मालाची तोंडभरून तारीफ करायची. मग काठात एक खोट काढायची. दुकानदारानं भाव सांगितला की हसायचं, वाद घालायचा नाही. आणि शेवटी गुडघ्यावर हात ठेवून "चला, उठा" म्हणायचं. चपला घालेपर्यंत दुकानदार हाक मारतोच. न मारली तर पायरी उतरायची. पायरी उतरल्यावरही हाक मारली नाही असा दुकानदार लातूर-नांदेडात अप्पांना अजून भेटलेला नव्हता.

या वेळी मात्र गाठ नुसत्या दुकानदाराशी नव्हती. स्वप्नाली म्हणजे बसवंतची मुलगी, अप्पांची सख्खी नात, आणि नवरामुलगा सत्यम मुखेडचा. त्याच्या आजी भामाबाई. मुखेडच्या आठवडी बाजारात भामाबाई येताना दिसल्या की कांदेवाला आपण होऊन दोन कांदे जास्त टाकतो, अशी त्यांची ख्याती. साखरपुड्यात जेवता जेवता त्या सहज बोलून गेल्या होत्या, "बघू तर खरं, उदगीरचे इवाई किती भाव पाडतेत. ऐकून तर लई हाव." व्याह्याला इतकं पुरे असतं. त्या दिवसापासून अप्पांच्या डोक्यात लग्न, मुहूर्त, वऱ्हाड काही नव्हतं. विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत भाव पाडायचा, बस.

बस्ता कुठं बांधायचा यावर आधी पंधरवडाभर फोन झाले. मुखेडकर म्हणत नांदेड, उदगीरकर म्हणत लातूर. दोन्हीकडची मंडळी आपापल्या गावच्या दुकानांविषयी अशी बोलत की जणू दुसऱ्या गावात गोणपाटच विकतात. शेवटी नवरीनंच निकाल दिला. लातूरला 'नक्षत्र सिल्क' म्हणून चार मजल्यांचं नवं दुकान झालंय, तिथंच घ्यायचा.

"पण अज्जा, तिथं सगळं ॲपवर असतंय," स्वप्नाली म्हणाली.

"असू दे की. दुकान हाय ना? दुकानात माणूस असतोच."

ॲप या विषयात अप्पांचं ज्ञान शेजारच्या शेषेराव गुरुजींकडून आलेलं. गुरुजी निवृत्त झाल्यापासून मोबाईलवर पीएच.डी. करून राहिले होते. त्यांनी अप्पांना कट्ट्यावर बसवून सगळं समजावलं, "अप्पा, यात घाबरण्यासारखं काहीच नाही. अंगठ्यानं दाबायचं आणि वर ढकलायचं." अप्पांनी विचारलं, "आणि भाव?" गुरुजींनी थोडा विचार करून सांगितलं, "भावाला पण वर ढकलायचं." शिवकांताबाई आतून म्हणाल्या, "भाव वर ढकलायला यांना कशाला नेता मग? तो तर दुकानदार फुकटात ढकलतोय."

अप्पांकडं बटणांचा मोबाईल. त्यावर बोलता येतं, गजर लावता येतो आणि रात्री संडासला जाताना बॅटरी लागते. माणसाला याहून जास्त काय लागतं, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलेलं नव्हतं.

ठरल्या दिवशी दोन जीपा 'नक्षत्र'पुढं थांबल्या. दारात राखणदार. पूर्वी दुकानाच्या दारात मालक उभा असायचा आणि "या अप्पा, शरणार्थ" म्हणायचा. हा म्हणाला, "काका, ॲप दाखवा."

अप्पांनी खिशातला मोबाईल काढून दाखवला.

"हा चालत नाही."

"न चालायला काय झालं? आत्ता येता येता जीपमधून बोललो की याच्यावरून."

"तसं नाही काका. ॲपवर नाव नोंदवल्याशिवाय आत सोडत नाहीत. ज्यांच्याकडं नाही त्यांना दुसऱ्याच्या नावावर आत घेता येतंय."

स्वप्नालीनं मोबाईलवर काहीतरी केलं. राखणदाराच्या यंत्रातून एक चिकटपट्टी बाहेर आली आणि त्यानं ती अप्पांच्या स्वच्छ धुतलेल्या नेहरूशर्टावर, बरोबर छातीवर लावली. त्यावर छापलं होतं : 'स्वप्नालीसोबत'. ज्या माणसाच्या सोबत आजवर भावकीच्या भावकी दुकानात शिरल्या, तो आज नातीसोबत होता. शाळेच्या सहलीला आलेल्या पोराच्या छातीवर असते तशी चिठ्ठी लावून. शिवकांताबाईंना तीच पट्टी लावली तर त्या खूश. म्हणाल्या, "हरवले तर कुणीतरी आणून तरी सोडंल."

भामाबाईंची पाळी आली. त्यांनी राखणदाराचा हात वरच्या वर धरला.

"मी कुणाच्या सोबतची न्हाई, लेकरा. ही सगळी माझ्या सोबत आलेत."

"आजी, पण सिस्टीममध्ये..."

"पैसे घेतेत का आत?"

"ॲपवरून घेतात."

"मंग मी हितंच बसते." आणि त्या काचेच्या दारापुढच्या पायरीवर मांडी घालून बसल्या. सत्यमनं हातापाया पडून पाहिलं. त्याच्या आईनं पाहिलं. पायरीवर ऊन येत होतं. भामाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली, "काय बाई, तू कुणासोबत?"

अप्पांना मनातून त्यांचा हेवा वाटला. पण ते कबूल करण्याची ती वेळ नव्हती. शिवाय भाव पाडताना विहीणबाई बाहेर बसणार म्हणजे पाहणार कोण, ही नवीच पंचाईत झाली. दुकानाची दर्शनी बाजू खालपासून वरपर्यंत काचेची होती, तेवढंच समाधान.

आत, दुसऱ्या मजल्यावर, गादी नव्हती. फिरत्या खुर्च्या होत्या, आणि त्यांवर मांडी घालून बसलं की माणूस आपोआप बायकांकडं पाठ करून फिरत असे. साड्या काचेत. कशावरही किमतीची चिठ्ठी नाही, नुसता काळ्या ठिपक्यांचा चौकोन. नवरीच्या शालूपासून मामींच्या इरकलीपर्यंत सगळं पसंत होऊन टेबलावर आलं. मालाची तारीफ झाली. काठातली खोट काढून झाली. मग अप्पांनी दुकानाचा मॅनेजर, रविकिरण नावाचा टाय लावलेला पोरगा, त्याला पुढ्यात बसवलं.

"हं, बोल आता. याचा भाव काय?"

"सर, ॲपवर आहे."

"ते कळलं. तू सांग."

"मला नाही सांगता येत सर."

"का? तोंड बांधलंय का मालकानं?"

"अप्पा," रविकिरण जरा खाली वाकून अगदी घरच्यासारखं बोलला, "खरं सांगू का, मलाच माहीत नाही. कुणालाच माहीत नसतंय. मोबाईलवर जो दिसंल तो भाव."

अप्पांनी आयुष्यात खोटं बोलणारे दुकानदार पाहिले होते, रडणारे पाहिले होते, लेकराबाळांच्या शपथा घेणारे पाहिले होते. भाव माहीतच नसलेला दुकानदार पहिल्यांदा पाहिला. आता भांडायचं कुणाशी? तलवार उपसून रणात उतरावं आणि समोर नुसता सतरंजीवाला सतरंजी गुंडाळत असावा, तसं झालं. काचेबाहेर, खालून, भामाबाई मान वर करून बघून राहिल्या होत्या. त्यांनी हातानंच विचारलं : काय झालं? अप्पांनी हातानंच सांगितलं : होतंय, होतंय.

"बसवंत," अप्पा म्हणाले, "तुझ्या मोबाईलवर बघ शालू कितीला."

बसवंतनं ठिपक्यांवर मोबाईल धरला आणि भाव वाचला.

"अज्जा, माझ्यावर तर जास्त दाखवतंय," स्वप्नाली म्हणाली.

"माझ्यावर तर त्याच्यापेक्षाही जास्त आहे," सत्यम म्हणाला. तो बिचारा आठवडाभर तोच शालू रोज उघडून बघत होता, असं नंतर कळलं.

एकच शालू, एकच टेबल, आणि भाव तीन. मंडळी गोंधळली. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. जुन्या काळी मोंढ्यात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. ज्याला गरज जास्त त्याला भाव जास्त, आणि शेजारच्याला पत्ता नाही. हे तर तेच होतं! नुसता रुमाल काचेचा झाला होता.

"अरे, हे भाव करतंय!" अप्पा खुर्चीवर एक गिरकी घेऊन म्हणाले. "हे लबाड गिऱ्हाईक बघून भाव करतंय. मग आपण का न्हाई करायचा? सगळे मोबाईल काढा. दोन्हीकडचे. सगळ्यांनी हाच सगळा माल आपापल्या मोबाईलात घ्या. बघू कुणाला काय म्हणतंय."

"टोपलीत टाका," स्वप्नालीनं मावश्या-माम्यांना समजावलं. "नुसतं टोपलीत. पैसे नका भरू."

टोपल्या भरल्या. मग अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवले.

"चला, उठा."

रविकिरण बघत राहिला. आख्खं वऱ्हाड एक चिंधी न घेता उठलं, जिना उतरलं, दार ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलं. भामाबाई पायरीवरून उठून मागं आल्या. "का हो इवाई, हाकललं का?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," अप्पा म्हणाले. "हाक येतीय."

चहाचा पहिला घोट व्हायच्या आत बसवंतच्या मोबाईलनं टुणकन आवाज केला. त्यानं वाचलं, "तुमच्या साड्या तुमची वाट पाहत आहेत. फक्त तुमच्यासाठी खास सवलत."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "मारली का न्हाई हाक? पायरी उतरली की मारतंयच!"

मग टुणटुण सगळीकडून सुरू झाली. मामी म्हणाल्या, "भावजी, घेऊ का?" अप्पा म्हणाले, "अजिबात न्हाई. पहिल्या हाकेला कोण वळतंय?" थोड्या वेळानं दुसरी हाक आली, आणखी सवलतीची. सत्यमचा अंगठा शिवशिवत होता. त्याला अप्पांनी बिस्किटाचा पुडा धरायला दिला. तिसऱ्या हाकेला मोबाईल म्हणाला, शेवटची संधी. अप्पांनी डोळे मिटून ते वाक्य बसवंतकडून दोनदा वाचून घेतलं.

"हां. आता खरं बोलून राहिलं. याच्याखाली आता जात न्हाई. सगळ्यात कमी कुणाला?"

"मला," बसवंत म्हणाला. त्यानं पूर्वी कधी या ॲपवरून काही घेतलं नव्हतं, म्हणून त्याचे लाड जास्त.

भामाबाईंनी भाव ऐकला आणि बोटांवर पुन्हा मोजून बघितला. अप्पांच्या दृष्टीनं ते वाक्य मिळालंच होतं, फक्त उच्चार व्हायचा राहिला होता. इथं गोष्ट संपती तर फार बरं झालं असतं.

पण बस्ता ठरला की आमच्याकडं एक रीत असते. गठ्ठ्याला हळदीकुंकू लावतात आणि दोन्हीकडची मंडळी, थोर-लहान, एकदम हात लावतात. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मला विचारलं नव्हतं. अप्पांनी हयातभर ज्या सुरात म्हटलं त्याच सुरात ते म्हणाले, "बसवंत, घे रे शिवाचं नाव घेऊन. हं, लावा हात सगळ्यांनी!"

आणि सगळ्यांनी हात लावला. गठ्ठा समोर नव्हता. हातात जे होतं त्याला लावला.

टपरीवर एकाच वेळी इतके मोबाईल 'धन्यवाद' म्हणाले की चहावाल्याला वाटलं आपल्यालाच म्हणतायत. तो म्हणाला, "काय साहेब, चहाच तर होता." मावशींचे पैसे कटले. मामींचे कटले. स्वप्नालीचे, बसवंतचे, विहीणबाईंच्या सुनेचे, सगळ्यांचे कटले. त्यात सत्यमचा अंगठा सगळ्यांत आधी पडला होता, आणि सत्यमलाच भाव सगळ्यांत जास्त होता.

वऱ्हाड पळत दुकानात. चिकटपट्ट्या उन्हानं निघाल्या होत्या, त्या राखणदारानं पुन्हा चिकटवल्या. अप्पांच्या छातीवर घाईत 'मामीसोबत' आली. वर रविकिरणच्या यंत्रातून बिलांची शेपटी जमिनीपर्यंत आली होती आणि तो कुणाला तरी फोनवर सांगत होता की आज शाखेत पहिला नंबर. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"अप्पा, माल तर एकच आहे. पहिली ऑर्डर सत्यम सरांची, ती पक्की झाली. बाकीच्यांचे पैसे परत येतील. कामकाजाचे काही दिवस लागतेत."

"म्हणजे सगळ्यात जास्त भावाचा बस्ता आम्हाला?"

"ॲपवर तक्रार नोंदवा ना."

स्वप्नालीनं नोंदवली. ॲपनं विचारलं, नमस्कार, मी आपल्याला कशी मदत करू? तिनं सगळं सविस्तर लिहिलं. ॲपनं विचारलं, आपल्याला ब्लाऊजपीसविषयी माहिती हवी आहे का?

अप्पा खुर्चीवर बसले. खुर्ची फिरली आणि ते भिंतीकडं तोंड करून थांबले. परत फिरायची त्यांना इच्छा राहिली नाही. नवऱ्यामुलाच्या खिशातून, आणि तोही सगळ्यांत चढ्या भावानं, नवरीचा बस्ता! मुखेडला हे कळायला भामाबाईंना एक एसटी पुरे होती. कपाटातल्या सगळ्या टोप्या परत कराव्यात असं अप्पांना वाटलं.

तेवढ्यात खालून गलका आला. भामाबाई आत शिरल्या होत्या. राखणदार "आजी, आजी" करत मागं. त्या जिना चढल्या, टेबलावर बांधून ठेवलेला बस्त्याचा गठ्ठा बघितला, तो खाली ओढला आणि त्यावर पाय लांब करून बसल्या.

"आजी, उठा. हा माल विकला गेलाय."

"उचलला का?"

"नाही, पण..."

भामाबाईंनी अप्पांकडं बघितलं. "इवाई, मोंढ्यात माल उचलल्याबिगर सौदा पुरा होतोय का?"

अप्पांची खुर्ची गर्रकन फिरली. "कदापि न्हाई!" ते गरजले, आणि उठून गठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकावर जाऊन बसले. छातीवरची 'मामीसोबत' त्यांनी काढून गठ्ठ्याला चिकटवली.

आता आली दुकानाची अडचण. रविकिरणनं मोठ्या ऑफिसला फोन लावला. तिकडून विचारलं, गिऱ्हाइकाचा नंबर काय? नंबर नाही. कुणासोबत आलेत? कुणासोबत नाही. नाव टाका. टाकलं, पण ॲप म्हणालं असं कुणी दुकानात नाही. तिकडचा साहेब म्हणाला, मग अडचण काय आहे? रविकिरण म्हणाला, साहेब, ते दोघं गठ्ठ्यावर बसलेत. साहेब म्हणाला, सिस्टीममध्ये तर कुणीच दिसत नाही, आणि फोन ठेवला.

"पोरा," भामाबाई म्हणाल्या, "सकाळी तुम्हीच म्हणाले ना, मी हाय म्हणून नोंदच न्हाई? मंग मला उठवायला कोण येणार?"

दुपार झाली. दुसरी गिऱ्हाइकं जमली. गठ्ठ्याभोवती बायका बसल्या, कुणीतरी खारे शेंगदाणे काढले. फिरत्या खुर्च्या बाजूला सरकल्या आणि 'नक्षत्र'च्या दुसऱ्या मजल्यावर बघता बघता जुन्या दुकानाची गादी तयार झाली. त्यातल्या एक-दोघींनी आपापल्या मोबाईलवर तीच साडी लावून बघितली आणि वेगवेगळा भाव मोठ्यानं वाचायला लागल्या. तो आवाज ऐकून रविकिरण हात जोडून अप्पांपुढं खाली, चक्क मांडी घालून बसला.

"अप्पा, सगळ्या ऑर्डरी रद्द करतो. सत्यम सरांचीही. लाईट गेल्यावर वापरायचं एक बिलबुक आहे माझ्याकडं, त्याच्यावर हातानं बिल करतो. तुम्ही म्हणाल तो भाव. फक्त उठा."

"आता कसं माणसासारखं बोललास!" अप्पा म्हणाले. मग त्यांनी जो भाव केला तो विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावरून, साग्रसंगीत केला. बसवंतला मोबाईलनं सांगितलेल्या भावाच्याही खाली आणला. मध्ये एकदा उठल्यासारखंही केलं. रविकिरणनं पायच धरले. टॉवेल-टोपी झाली, मानाची साडी झाली. भामाबाईंनी मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "न्हाई, इवाई गडी हाय. आज हे नसते तर दुकानदारानं सोलून काढलं असतं."

अप्पांनी नम्रपणे खाली बघितलं. असं वाक्य खाली बघूनच घ्यायचं असतं.

"तर मग," रविकिरण बिलबुक उघडून म्हणाला, "रोख भरणार ना? हातच्या बिलाला रोखच लागतंय."

बसवंतनं मोबाईल बघितला. पैसे परत यायच्या वाटेवर होते. सत्यमचे त्याच वाटेवर. मावश्या, माम्या, कुणाच्याच मोबाईलात आता चहापुरतंही काही उरलं नव्हतं. सगळे अप्पांकडं बघायला लागले. आणि अप्पा तर दुकानात जाताना खिशात दमडी ठेवत नसत. खिशात पैसे असले की आवाजाला जोर येत नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम होता.

शिवकांताबाई पुटपुटल्या, "आता हातानंच बिल, तर पैसेबी हातानंच छापा."

भामाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. सुनेला इरकल घ्यायची, देवाला काही ठेवायचं, आणि वाटेत कुणाचा भरवसा नाही, म्हणून त्या नोटांचं पुडकं घेऊन आल्या होत्या. त्यांनी थुंकी न लावता, सावकाश, नोट नोट सरळ करत मोजायला सुरुवात केली. इकडच्याचं झालं, मग तिकडच्याचं. नवऱ्याकडचं आणि नवरीकडचं, दोन्ही.

"विहीणबाई, हे बरं दिसत न्हाई," अप्पा म्हणाले. "उद्याच्या उद्या उदगीरहून बसवंतला पाठवतो."

"घाई न्हाई, इवाई," भामाबाई रिकामी पिशवी कमरेला खोचत म्हणाल्या. "लग्नात द्या. मांडवात, चार माणसं बघून. मला काय, कुठं नोंद करायचीय का?"

परतीच्या जीपमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. हिशेब सरळ होता. ज्यांच्याकडं मोबाईल होते त्या सगळ्यांनी पैसे भरले, आणि त्या पैशांत कुणाचं काही आलं नाही. भाव उदगीरच्या मन्मथअप्पांनी पाडला. आणि त्यांच्या नातीच्या बस्त्याचे पैसे मुखेडच्या भामाबाईंनी भरले.